उजव्या हाताचे सत्तर टक्के: मुंबईच्या गिरण्या, मँचेस्टरचे व्यापारी आणि भारतातील पहिला फॅक्टरी कायदा (थ्रेड)

सप्टेंबर १८८४. परळमध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि त्यातून एक निवेदन तयार झाले. साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या आणि अंगठे केले. मागण्या पाच होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा.

पाचवी मागणी मात्र वेगळ्या जातीची होती. काम करताना कामगार जखमी झाला, तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार द्यावा. आणि तो कायमचा अपंग झाला, तर त्याच्या उदरनिर्वाहाची सोय करावी.

रविवारची सुट्टी सहा वर्षांत मिळाली. पाचव्या मागणीला कायद्याच्या पुस्तकात शिरायला एकोणचाळीस वर्षे लागली, आणि शिरली तेव्हाही ती अर्धीच शिरली. ती कुठे आणि कशी अडली, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६च्या सुमारास ताडदेवला सूत निघू लागले. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापसाचे भाव आकाशाला भिडले, मुंबईत पैशाचा पूर आला आणि ओसरलाही. या सगळ्यातून गिरण्या तगल्या. १८९०च्या आसपास मुंबईत सुमारे ७० गिरण्या होत्या आणि त्यांत साठ हजारांच्या जवळपास माणसे राबत होती. रत्नागिरी, सातारा, पुणे, घाट आणि कोकण इथून आलेली ही माणसे, आणि त्यांची मुलेही.

त्या काळची गिरणी आज डोळ्यांसमोर आणणे कठीण जाते. तेव्हा प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर नसे. एका टोकाला वाफेचे प्रचंड इंजिन असे. त्याची शक्ती छताखालून जाणाऱ्या लोखंडी दांड्यांमार्फत सगळ्या खात्यांत पोहोचे, आणि त्या दांड्यांवरून चामड्याचे पट्टे खाली एकेका यंत्रापर्यंत येत. म्हणजे कामगार दिवसभर फिरत्या पट्ट्यांच्या जंगलात वावरत असे. एकाच यंत्राला थांबवणे शक्य असले तरी डोक्यावरचा दांडा थांबत नसे. अंगावर सैल धोतर किंवा लुगडे, पायाखाली तेलकट फरशी, हवेत कापसाचे तंतू. मागावर धोटा सुटून उडाला तर समोरच्याचा डोळा जाई. दातेरी चक्रांत बोटे सापडत, पट्ट्यात पदर किंवा सोगा अडकला तर माणूस वर खेचला जाई. चात्यांवरच्या भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या चढवण्याचे काम चपळ, लहान हातांचे. म्हणून तिथे मुले.

दिवस किती तासांचा? घड्याळाचा प्रश्नच नव्हता. सूर्य उगवला की भोंगा आणि मावळला की सुटका. मुंबईच्या उन्हाळ्यात हा दिवस तेरा तासांवर जातो. मध्ये अर्धा तास जेवणाचा मिळे, तोही सर्वत्र आणि नियमाने मिळेच असे नाही. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. सणावाराच्या मोजक्या सुट्ट्या होत्या, आणि यंत्रे बंद असत त्या दिवशी साफसफाईला बोलावले जाई.

या परिस्थितीकडे सरकारी कागदपत्रांत पहिल्यांदा लक्ष वेधले ते मेजर मूर या अधिकाऱ्याने. मुंबई सरकारच्या कापूस खात्याचा हा प्रमुख तपासनीस. १८७२-७३च्या त्याच्या अहवालात गिरण्यांतील लांबलचक कामाचा आणि मुलांच्या राबणुकीचा उल्लेख आला. अहवाल इंग्लंडला पोहोचला आणि तिथे एकदम खळबळ उडाली. १८७५ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी हा प्रश्न मांडला. शाफ्ट्सबरींचे स्वतःचे आयुष्य इंग्लंडमधील बालकामगारांसाठी कायदे करून घेण्यात गेले होते. त्यांच्या कळकळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्यामागून जे बोलू लागले, त्यांच्याबद्दल मात्र होते.

ते होते लँकेशायर आणि मँचेस्टरचे कापड-उत्पादक. मुंबईचे सूत स्वस्त पडत होते आणि आशियाच्या बाजारात लँकेशायरच्या सुताला टक्कर देऊ लागले होते. इंग्लंडमध्ये कायद्याने कामाचे तास बांधलेले. मुंबईत सूर्यास्ताखेरीज बंधन नाही. हिंदुस्थानात आयात होणाऱ्या विलायती कापडावर तेव्हा पाच टक्के जकात होती. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी एका हाताने ही जकात रद्द करण्याची मागणी लावून धरली आणि दुसऱ्या हाताने मुंबईच्या कामगारांसाठी अश्रू ढाळले. १८८२ साली जकात रद्दही झाली. सुती धंद्याच्या इतिहासात करुणा आणि नफा इतके गळ्यात गळा घालून क्वचितच दिसतात.

मुंबई सरकारने १८७५ साली चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष मुंबईचे कलेक्टर आर्बथनॉट. सदस्यांत गिरणीमालकांचा आणि त्यांच्या वर्तुळातील धनिकांचा भरणा होता. ज्यांच्याबद्दल चौकशी करायची तेच चौकशी करणारे. आयोगाने साक्षी घेतल्या. दिवसभराचे काम, आठ वर्षांची आणि त्याहूनही लहान मुले, उघडी यंत्रे, हे सगळे नोंदवले. आणि मग बहुमताने सांगितले की कायद्याची गरज नाही. अध्यक्ष आर्बथनॉट आणि डॉ. थॉमस ब्लेनी या दोघांनीच साधासा का होईना, पण कायदा असावा असे मत दिले. जे आयोगाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्यावरून त्याने उलटा निष्कर्ष काढला, असेच म्हणावे लागते.

आता या कथेतील अवघड भाग. कायद्याला विरोध फक्त मालकांचा नव्हता. त्या काळातील जवळजवळ सगळी राष्ट्रवादी वृत्तपत्रे विरोधात होती. कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने १८७५ साली घेतलेल्या भूमिकेचा आशय असा, की कामगारांत मृत्यू वाढले तरी ते परवडतील, पण नुकता उभा राहिलेला देशी उद्योग कोसळणे परवडणार नाही. पुण्याचा 'मराठा'ही पुढे या कायद्यांच्या विरोधकांतच होता. युक्तिवाद सरळ होता: हा कायदा मँचेस्टरने मागितलेला, मँचेस्टरच्या फायद्याचा, म्हणून तो देशद्रोही.

या युक्तिवादाला आज हसून सोडून देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. लँकेशायरचा स्वार्थ काल्पनिक नव्हता. १८९४ साली सरकारने महसुलासाठी कापडावर पुन्हा जकात बसवली, तेव्हा लँकेशायरच्या समाधानासाठी देशी गिरणीच्या मालावरही तेवढाच अबकारी कर लादण्याचे तत्त्व आले. १८९६ साली दोन्हीकडे साडेतीन टक्के असा हिशेब पक्का झाला. ज्या सत्तेने हे केले, तिच्या कामगारप्रेमावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

तरीही त्या युक्तिवादात एक माणूस गळालेला होता. मँचेस्टरचा हेतू वाईट होता, यावरून मुंबईच्या पट्ट्यात अडकलेला हात सुटत नव्हता. औषध शत्रूने पाठवले म्हणून रोग नाहीसा होत नाही. आणि 'देशी उद्योग' या शब्दात मालकाचा नफा धरला जात होता, कामगाराची बोटे धरली जात नव्हती. पुढचा योगायोग पाहण्यासारखा आहे. जुलै १९०८मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस काम बंद ठेवून रस्त्यावर आले. ज्यांच्या तासांवर मर्यादा घालण्याला राष्ट्रवादी पत्रांनी एका पिढीपूर्वी विरोध केला होता, तेच हे कामगार.

त्या गदारोळातही वेगळा सूर लावणारा एक देशी माणूस होता: सोराबजी शापूरजी बंगाली. आडनावाने गोंधळ होऊ नये. हे मुंबईचे पारशी सुधारक, पत्रकार आणि मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्य. १८७८ साली त्यांनी गिरण्यांतील मुले आणि स्त्रियांच्या संरक्षणासाठी विधेयकाचा मसुदा स्वतः तयार केला. मुंबई सरकारने तो मांडायला परवानगी दिली नाही. तेव्हा बंगालींनी प्रश्न थेट विलायतेतील जनमतापुढे नेला. त्यांना त्यांच्याच समाजातील आणि वर्गातील लोकांचा रोष पत्करावा लागला. मँचेस्टरचे हस्तक म्हणून घेण्याची किंमत त्यांनी मोजली. त्यांचे नाव आज अभ्यासक्रमात क्वचितच येते, हे खेदाचे आहे.

अखेर केंद्र सरकारने १८७९मध्ये विधेयक आणले. दोन वर्षे ते पातळ होत गेले आणि १८८१मध्ये लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत मंजूर झाले. भारताचा हा पहिला फॅक्टरी कायदा. त्यात काय होते? सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नाही, मध्ये एक तास विश्रांती, महिन्याला चार सुट्ट्या. यंत्रांच्या धोकादायक भागांभोवती कठडे. अपघात झाल्यास सरकारला कळवण्याचे बंधन. आणि प्रौढ पुरुषांसाठी? काही नाही. स्त्रियांसाठी? काही नाही.

नऊ तास काम करणारे सात वर्षांचे मूल कायदेशीर होते, हे दोनदा वाचावे असे वाक्य आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा कायदा लागू कुणाला होता. यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या, शंभर किंवा अधिक माणसे कामाला असणाऱ्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांना. चहा-कॉफीचे मळे आणि निळीचे कारखाने बाहेर. तिथले मालक बहुतांशी गोरे होते, हा तपशील देशी वृत्तपत्रांच्या नजरेतून सुटला नाही, आणि तो सुटायला नकोच होता.

अंमलबजावणीची कथा तर आणखी केविलवाणी. जन्मनोंदीच नसलेल्या देशात मूल सात वर्षांचे की पाच, हे ठरवायचे कसे? डॉक्टरने दात पाहायचे, अंगकाठी पाहायची आणि अंदाज करायचा. बहुतेक प्रांतांत कारखान्यांची तपासणी जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याकडे पदसिद्ध म्हणून आली. शेतसारा, दुष्काळ, फौजदारी खटले सांभाळून तो गिरणीतले कठडे केव्हा पाहणार? मुंबईने १८८२ साली मीड-किंग या अनुभवी इंग्लिश तपासनिसाला काही महिन्यांसाठी मागवून घेतले. कायदा अपुरा आहे, हे त्यालाही दिसले.

शंभर माणसे आणि चार महिने या दोन अटींचा खरा अर्थ मुंबईत नव्हे, खानदेशात कळत होता. तिथे कापसाच्या हंगामात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने धडधडत. सरकी काढणाऱ्या चरख्यांपुढे प्रामुख्याने स्त्रिया बसत. हंगाम थोडक्या महिन्यांचा, म्हणून अनेक कारखाने कायद्याच्या कक्षेतच येत नसत. आणि हंगाम थोडका म्हणूनच काम अमानुष. मुंबईत १८८४ साली नेमलेल्या दुसऱ्या आयोगापुढे खानदेशातील व्यवस्थापकाने जी साक्ष दिली, तिचा सारांश असा: ऐन हंगामात तीच माणसे दिवसरात्र, सलग आठ-आठ दिवस काम करतात. झोपेने डोळे मिटत असताना हात फिरत्या चरखीपाशी. कापूस आणि तेलाच्या दिव्याची ज्योत एकाच छपराखाली. कायदा इतका जवळ होता, आणि या बायांच्या लेखी तो अस्तित्वात नव्हता.

याच दुसऱ्या आयोगासमोर परळचे ते निवेदन गेले. ते घडवून आणणारे नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाणे. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी, मग एका गिरणीत स्टोअरकीपर. लोखंडे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक परंपरेतले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र बंद पडण्याच्या बेताला आले असता, १८८०मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईत चालवायला घेतले. गिरणीतल्या माणसाचे दुखणे मराठीत छापून येऊ लागले ते इथे.

हे लक्षात घेतले म्हणजे पाचव्या मागणीचा उगम कळतो. आयोगांच्या चर्चेत मुले होती, तास होते, हवा होती. जखमी झालेल्या माणसाचे घर पुढे कसे चालणार, हा प्रश्न विलायतेहून आला नव्हता. इंग्लंडमध्येही तेव्हा मालकाची जबाबदारी ठरवणारा कायदा जेमतेम चार वर्षांचा होता आणि मालकाची हयगय सिद्ध करण्याचा भार कामगारावर होता. लोखंड्यांच्या निवेदनात हयगयीचा शब्दही नाही. काम करताना इजा झाली, एवढे पुरेसे. आणि पगार पूर्ण. हा विचार गिरणीत वावरलेल्या आणि शेतकरी-कामकऱ्यांच्या घरांचे हिशेब माहीत असलेल्या माणसालाच सुचू शकतो.

लोखंड्यांच्या 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'ची स्थापना १८८४ची की १८९०ची, यावर अभ्यासकांत एकमत नाही. तिच्याकडे सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमावली नव्हती. सरकारी अहवालातही हे नोंदवले आहे. काही इतिहासकार म्हणून तिला 'खरी' कामगार संघटना मानायला तयार नसतात. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही असेल. पण वर्गणीची पावती नसलेल्या या संघटनेने २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमवले, आणि त्या सभेत दोन स्त्री कामगार बोलल्या. त्याच वर्षी १० जून रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. 

त्याच सुमारास बर्लिनमध्ये कैसरच्या पुढाकाराने कामगार प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती आणि इंग्लंडमधून हिंदुस्थान सरकारवर पुन्हा दबाव येत होता. १८९०चा आयोग बसला. अध्यक्ष लेथब्रिज, सदस्यांत सोराबजी बंगाली, आणि मुंबईच्या कामापुरते सहयोगी म्हणून खुद्द लोखंडे. १८७५ साली टेबलाच्या पलीकडे फक्त मालक होते. पंधरा वर्षांनी तिथे 'दीनबंधु'चा संपादक बसला होता.

१८९१चा कायदा त्यातून आला. किमान वय नऊ. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना सात तास. स्त्रियांना अकरा तास आणि मध्ये दीड तास विश्रांती. सर्वांना साप्ताहिक सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची खंडित वेळ. कामगारसंख्येची अट शंभरवरून पन्नासवर. प्रांतिक सरकारला वाटल्यास वीसपर्यंत. स्त्रियांच्या तासांना मर्यादा घातली तर त्यांच्या जागी पुरुष घेतले जातील, ही धास्ती तेव्हाच्या चर्चेत वारंवार दिसते, आणि ती निराधार नव्हती. प्रौढ पुरुषाच्या तासांना याही कायद्याने हात लावला नाही. आणि पाचवी मागणी? तिचा मागमूस नाही.

लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईच्या प्लेगमध्ये गेले. रोग्यांची व्यवस्था पाहताना त्यांना लागण झाली होती. वय एकोणपन्नास.

मग गिरण्यांत विजेचे दिवे आले. वरवर पाहता ही सुधारणाच: तेलाच्या आणि गॅसच्या ज्योतीपेक्षा दिवा सुरक्षित. परंतु मुंबईच्या कामगाराला आजवर ज्या एकमेव गोष्टीने वाचवले होते, ती म्हणजे अंधार. सूर्य मावळला की सूत दिसत नसे, म्हणून काम थांबे. विजेने ती सुटका काढून घेतली. १९०५च्या सुमारास तेजी होती आणि काही गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. वृत्तपत्रांत ओरड झाली, पुन्हा आयोग बसला. १९०८च्या आयोगात बहुमत प्रौढ पुरुषांचे तास कायद्याने बांधण्याविरुद्ध, मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. १९११च्या कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आणली. या देशात पुरुष कामगाराच्या दिवसाला कायद्याने घातलेला हा पहिला बांध.

पहिल्या महायुद्धानंतर हवा बदलली. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली आणि पारतंत्र्यात असूनही हिंदुस्थान तिचा संस्थापक सदस्य होता. वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले. १९२० साली मुंबईत आयटकची स्थापना झाली. गिरणगावात संपावर संप होत होते. आणि १९२३ साली 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट' मंजूर झाला. १ जुलै १९२४पासून लागू.

या कायद्याचे पहिले परिशिष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावे. त्यात शरीराचा दरतक्ता आहे. उजवा हात कोपरापासून किंवा त्यावरून गेला, तर कमाईची क्षमता सत्तर टक्के घटली असे धरायचे. डावा असेल तर साठ. पाय गुडघ्यापासून किंवा वरून गेला तर साठ. एक डोळा तीस. अंगठा पंचवीस. तर्जनी दहा. बाकीच्या बोटांपैकी कोणतेही एक, पाच.

वाचताना अंगावर काटा येतो खरा, पण जुन्या काळाशी तुलना केली तर हा तक्ता क्रांतिकारक होता. १९२३पूर्वी उजव्या हाताची किंमत मालकाच्या मर्जीवर होती, म्हणजे बहुधा शून्य. आता तिला आकडा मिळाला आणि तो मागायला मालकाची चूक सिद्ध करावी लागत नव्हती.

तरीही परळच्या निवेदनाशेजारी हा कायदा ठेवून पाहावा. १८८४ची मागणी: बरा होईपर्यंत पूर्ण पगार. १९२३चा कायदा: पहिले दहा दिवस काहीच नाही, नंतर ढोबळमानाने अर्धा पगार. १८८४ची मागणी: कायमच्या अपंगाच्या उदरनिर्वाहाची सोय. १९२३चा कायदा: पूर्ण अपंगत्वाला बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार रुपये, यांतील जे कमी असेल ते, एकदाच. मृत्यूला तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार, यांतलेही जे कमी ते. शिवाय कामगाराने कठडा जाणूनबुजून काढला किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला असे दाखवता आले, तर जखमेची भरपाई नाही. ज्या गिरणीत चालू यंत्रच पुसायला लावत, तिथे 'जाणूनबुजून' या शब्दाचा अर्थ कोण लावणार, हे सांगायला नको.

एका स्टोअरकीपरने साडेपाच हजार अंगठ्यांच्या जोरावर जे मागितले, तिथपर्यंत साम्राज्याचा कायदा चाळीस वर्षांनीही पोहोचला नव्हता.

१८७५चा तो जुना वाद मात्र मेला नाही. डिसेंबर १९९६मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेची परिषद भरली. श्रीमंत देशांचे म्हणणे, कामगारांच्या मानकांची सांगड व्यापाराशी घाला. भारतासह अनेक विकसनशील देशांचे म्हणणे, हा करुणेच्या वेषातला संरक्षणवाद आहे. विकसनशील देश जिंकले. प्रश्न आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे सोपवण्यात आला, आणि तिच्याकडे व्यापार रोखण्याची ताकद नाही. मँचेस्टर आणि मुंबईचाच संवाद, फक्त पात्रांचे पोशाख बदललेले. पुढे २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. तयार कपडे शिवणाऱ्या कामगारांना तरीही सकाळी आत पाठवले गेले. महालक्ष्मीच्या सभेला त्या दिवशी बरोबर १२३ वर्षे झाली होती. त्यानंतर विदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बांधील असा करार झाला, आणि त्याखाली तिथल्या हजाराहून अधिक कारखान्यांची तपासणी झाली. बांगलादेशातही काहींनी त्याला परकीयांची ढवळाढवळ म्हटले.

शेवटी पुन्हा त्या शंभर माणसांच्या अटीकडे. कठडा किती उंच असावा, हे फॅक्टरी कायद्याचा मजकूर सांगतो. तो कठडा कुणाच्या वाट्याला येणार, हे त्याच्या व्याख्येतील आकडा सांगतो. १८८१मध्ये तो शंभर होता. १८९१मध्ये पन्नास. १९२२मध्ये वीस. स्वतंत्र भारताच्या १९४८च्या कायद्याने तो यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या कारखान्यांसाठी दहावर आणला आणि विनाशक्ती कारखान्यांसाठी वीसवर. सदुसष्ट वर्षे आकडा एकाच दिशेने, खाली सरकत आला होता. संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संहितेत तो पहिल्यांदाच वर गेला: शक्ती असेल तिथे वीस, नसेल तिथे चाळीस.